‘तो सुटला, मग खोटी कोण? माझी पोरगीच ना?’

खालच्या कोर्टात शिक्षा होते, अपिलात मुलगा सुटतो आणि मुलीचे वडील हा प्रश्न घेऊन येतात. तो इतक्या घरांतून ऐकला आहे की, एका घराची हकीकत ओळख पटणार नाही इतपत बदलून सांगते.

मुलगी तेव्हा १७ वर्षं ४ महिन्यांची होती. ती एकटीच एसटी स्टँडवर गेली आणि तिथून तिने मुलाला फोन केला. चार दिवस दोघं त्याच्या मावशीकडे राहिली. वडिलांनी ‘फूस लावून पळवून नेलं’ अशी फिर्याद दिली. भादंवि (भारतीय दंड विधान) कलम ३६३, म्हणजे अपहरणाचं कलम लागलं. मॅजिस्ट्रेटनी १ वर्षाची शिक्षा दिली, सेशन्स कोर्टाने ती रद्द केली. शारीरिक संबंधांचा आरोप नव्हता. असता तर पॉक्सो, म्हणजे मुलांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्धचा कायदा लागला असता, आणि तिथे १८ च्या आतल्या मुलीचा होकार धरतच नाहीत.

वडील निकालाची प्रत प्लास्टिकच्या पिशवीतून घेऊन आले. ‘स्वेच्छेने’ हा शब्द दिसेल तिथे लाल पेनाची रेघ, काही ठिकाणी कागद फाटेपर्यंत ओढलेली.

“मॅडम, कोर्टाने लिहून दिलंय, माझी मुलगी वाया गेली.”

“अप्पा, हे वाक्य कुठल्या पानावर आहे ते दाखवा.”

त्यांनी सगळी पानं उलटली. ते वाक्य कुठेच नव्हतं.

निकाल काय सांगतो, हे आधी नीट समजायला हवं. या गुन्ह्यात अल्पवयीन मुलीच्या होकाराला किंमत नाही. संमती लागते ती पालकाची. पण आरोपीने तिला ‘नेलं’ किंवा फूस लावली, हे सरकार पक्षाला सिद्ध करावं लागतं. १९६४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एस. वरदराजन यांची अशीच १ वर्षाची शिक्षा रद्द केली. मद्रासची ती कॉलेजात शिकणारी मुलगी अठराच्या उंबरठ्यावर होती आणि तिनेच फोन करून त्याला बोलावलं होतं. समजत्या मुलीला सोबत येऊ देणं आणि तिला नेणं, यांत न्यायालयाने फरक केला. उलट १९७२ च्या राजा राम खटल्यात मुलगी १४ वर्षांची होती, तिला भरीला घातलं होतं; तिथे त्याच न्यायालयाने आरोपीला पुन्हा दोषी ठरवलं. जबरदस्तीच हवी असं नाही, मन वळवणंही पुरतं. १ जुलै २०२४ पासूनच्या घटनांना भादंविच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेचं कलम १३७ लागतं, आणि पळवून नेलेला मुलगा असेल तर आधी असलेली १६ ची वयोमर्यादाही आता १८ झाली आहे.

म्हणजे कोर्टापुढचा प्रश्न होता ‘त्याने काय केलं?’ अप्पांना मात्र सतत ‘ती का गेली?’ एवढंच ऐकू येत होतं. माझ्या मते अशा घरातलं दुखणं एका माणसात नसतंच, ते दोघांच्या मधल्या अबोल्यात असतं. म्हणून पुढच्या वेळी दोघांना समोरासमोर बसवलं.

बराच वेळ कुणी बोललं नाही. मग मुलगी म्हणाली, “मी साक्षीत खरं सांगितलं, त्या दिवसापासून अप्पा माझ्यासोबत जेवत नाहीत.”

“सगळ्यांसमोर सांगितलंस!”

“खोटं सांगायला हवं होतं?”

अप्पांनी पिशवी मांडीवरून खाली ठेवली. “नाही,” ते म्हणाले. “खोटं बोलायला तुला कधी शिकवलं नाही मी.” हे म्हणताना ते पहिल्यांदा तिच्याकडे बघत होते. मी मध्ये बोलले नाही. अशा वेळी गप्प राहणं हेच माझं काम आहे, आणि ते मला जमतं.

अशा घरांना माझं सांगणं असं: मुलीला ‘का गेलीस’ विचारू नका, तो उलटतपासणीचा सूर होतो. ‘जायचं कधी ठरवलंस, त्याआधी घरात काय झालं होतं’ असं विचारा, एका वेळी वीसेक मिनिटं, तेही नातेवाईक नसताना. निकाल तिच्यासमोर मोठ्याने वाचू नका. घाईने स्थळं बघू नका. यात सगळ्यात जास्त बिघडतं ते इथेच. मुलाच्या घरी फोन करू नका, त्यातून धमकीची उलट तक्रार उभी राहते. सुटकेविरुद्ध सरकार हायकोर्टात जाऊ शकतं, पण आधी हायकोर्टाची परवानगी लागते आणि मुदत असते. त्यामुळे सरकारी वकिलांना लगेच भेटा. मुलीसाठी स्वतंत्र वकील हवा असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा; महिला आणि मुलांना उत्पन्नाची अट न लावता तो मोफत मिळतो.

हायकोर्टाचा विषय निघाला तेव्हा मुलीने विचारलं, “मला पुन्हा साक्ष द्यावी लागेल?”

सहसा नाही, अपील आधीच्या कागदांवरच चालतं, असं मी सांगितलं.

अप्पा म्हणाले, “तरी आधी हिच्याशी बोलतो. मग वकिलांकडे जाऊ.”