आधी तास मोजा, मग ध्येये ठरवा

तुमचा प्रश्न मी असा समजतो: घरात साडेचार आणि सात वर्षांची दोन मुले, दोघेही पालक नोकरी करणारे, आणि सलग तीन वर्षे जानेवारीत हौसेने केलेली संकल्पांची यादी मार्च उजाडेपर्यंत बारगळलेली; तर घराची वर्षाची आणि महिन्याची ध्येये कशी ठरवावीत की ती टिकतील? यंदाच्या यादीत तुम्ही व्यायाम, बचत, नवी भाषा, मुलांचे वाचन, पडद्यासमोरचा वेळ कमी करणे, एक मोठा प्रवास आणि घराची रंगरंगोटी अशा सात गोष्टी लिहिल्या आहेत. आमच्याकडे ध्येये ठरवण्याचा हा उद्योग नऊ वर्षे चालू आहे. सुरुवात केली तेव्हा मुलगी तीन वर्षांची होती आणि मुलगा पाळण्यात होता. पहिल्या वर्षी आम्ही तब्बल अकरा ध्येये लिहिली. त्यांपैकी दोन पुरी झाली, आणि तीही लिहिली नसती तरी झालीच असती, अशी होती.

चूक इच्छाशक्तीत नव्हती, हिशेबात होती. आठवड्याचे तास १६८. त्यांतून झोपेचे ५६ आणि नोकरी व येण्याजाण्याचे ५० वजा केले की ६२ उरतात. स्वयंपाक, आवराआवर, मुलांना उठवणे, भरवणे, आंघोळ, अभ्यास आणि झोपवणे यांत रोजचे सहा तास धरले, तर उरतात २०. हे वीस तासही सलग मिळत नाहीत. पंधरा-वीस मिनिटांच्या तुकड्यांत ते आठवडाभर विखुरलेले असतात. आम्ही एकदा आठवडाभर खरोखर नोंद ठेवली, तेव्हा अर्ध्या तासाहून मोठे आणि विनाव्यत्यय असे तुकडे दोघांचे मिळून फक्त सात निघाले. सात तुकड्यांत अकरा ध्येये बसवायला आम्ही निघालो होतो! काम किती वेळात होईल याचा अंदाज माणूस बहुतेक वेळा कमी धरतो. डॅनियल कानमन आणि एमॉस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये या प्रवृत्तीकडे लक्ष वेधले होते. लहान मुले असलेल्या घरात ही चूक दुप्पट महाग पडते, कारण तिथे कोणतेही काम एकदा सुरू केले की विनाखंड पुरे होत नाही.

म्हणून वर्षाचे नियोजन करताना आम्ही वर्ष नऊ महिन्यांचे धरतो. उरलेले तीन महिने आजारपणे, शाळेच्या सुट्ट्या आणि अचानक उद्भवणारी कामे खातात. कोणते तीन, हे आधी कळत नाही एवढेच. आणि वर्षाकाठी घराचे मिळून एक आणि प्रत्येक मोठ्या माणसाचे एक, याहून जास्त ध्येये ठेवत नाही. वर्षाच्या नियोजनाच्या याच बैठकीत ‘यंदा काय करायचे नाही’ हेही लिहून ठेवतो. माझ्या मते दोन्ही याद्यांत हीच जास्त उपयोगी आहे, कारण न झालेल्या कामाची टोचणी तिच्यामुळे पुष्कळ कमी होते.

मासिक ध्येयाबद्दल मात्र माझे मत बदलत गेले आहे. आधी आम्ही दर महिन्याला नवे ध्येय घेत असू, आणि ते आकर्षक वाटे. फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात ९६ प्रौढांवर केलेला सवयींचा अभ्यास २०१० मध्ये छापून आला. त्यात एखादी गोष्ट अंगवळणी पडायला १८ ते २५४ दिवस लागतील असे दिसले आणि मध्य ६६ दिवसांचा निघाला. म्हणजे महिना संपतो तेव्हा सवय जेमतेम रुजू लागलेली असते, आणि नेमके तेव्हाच आपण ती उपटून दुसरी लावतो. आता आम्ही एकच ध्येय सलग दोन-तीन महिने ठेवतो. महिन्याच्या बैठकीत ध्येय बदलत नाही, ते पार पाडण्याची पद्धत बदलतो.

ही पद्धत लिहिताना ‘कधी’ आणि ‘कशानंतर’ हे शब्द हवेतच. अमुक घडले की मी तमुक करीन, असे आधीच ठरवलेले असले तर ते हातून घडण्याची शक्यता वाढते, हे पीटर गोल्विट्झर या मानसशास्त्रज्ञांनी १९९० च्या दशकापासून प्रयोगांनी दाखवले आहे. ‘मुलांना रोज वाचून दाखवायचे’ हे आमचे ध्येय दोनदा फसले. ‘रात्री दात घासून झाले की पलंगावर बसून एक गोष्ट’ असे लिहिल्यावर ते टिकले, कारण त्यानंतर आठवण करून देण्याचे काम मुलगाच करू लागला. तोंडाला फेस असतानाच तो पुस्तक काखेत मारून दारात उभा राही.

आठवण कोणी ठेवायची, हा मुद्दा तुमच्या प्रश्नात नाही, पण माझ्या अनुभवात सर्वाधिक भांडणे त्यावरूनच झाली. ध्येय सगळ्यांचे असते आणि ते लक्षात ठेवण्याचे ओझे एकाच्याच डोक्यावर पडते. तो माणूस हळूहळू घरातला फौजदार होतो आणि बाकीचे त्याला टाळू लागतात. आमच्याकडे दोन वर्षे हे काम न सांगता पत्नीकडे गेले होते, आणि मी मात्र ‘आपण किती छान करतो आहोत’ असे म्हणत होतो. आता प्रत्येक ध्येयापुढे एकाचे नाव असते आणि आठवण, सामानाची जुळवाजुळव, चुकलेल्या दिवसाची नोंद हे सगळे त्याचेच. दुसऱ्याने मदत करायची, पण विचारायला यायचे नाही.

मुलांना सामील कसे करावे? साडेचार वर्षांच्या मुलाला ‘वर्ष’ हा शब्द बोलता येतो, पण त्याची लांबी कळत नाही. आमचा मुलगा त्या वयात येणाऱ्या प्रत्येक दिवसाला ‘उद्या’ म्हणत असे आणि गेलेल्या प्रत्येक दिवसाला ‘काल’. त्याच्यासाठी आम्ही दहा चौकोनांची कागदी पट्टी फ्रिजवर चिकटवली. रोज झोपण्यापूर्वी एक चौकोन तो खडूने गिरगटायचा. एकदा त्याने एकाच बैठकीत चार चौकोन भरले आणि ‘आता लवकर होईल’ असे जाहीर केले. दहा दिवस ही त्या वयाची मर्यादा समजा. सात वर्षांच्या मुलीला महिनाभराची दिनदर्शिका पेलते. ध्येयही त्यांचे त्यांना निवडू द्यावे, पण दोन पर्यायांतून. मोकळे सोडले तर हत्ती पाळण्यापर्यंत मजल जाते.

बक्षिसांबाबत सावध राहा. लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांच्या १९७३ च्या प्रसिद्ध प्रयोगात, ज्या बालवाडीतल्या मुलांना चित्र काढण्यासाठी आधी बक्षीस कबूल केले होते, त्यांची चित्र काढण्याची आवड पुढे कमी झालेली दिसली. आमच्याकडे याचा पडताळा लगेच आला: स्टिकरचा तक्ता लावल्यापासून दोन आठवड्यांतच मुलीने विचारले, ‘आज गोष्ट ऐकली तर किती मिळतील?’ जी गोष्ट तिला फुकटात आवडत होती, तिची आम्ही मजुरी ठरवून बसलो होतो. तक्ता त्याच रात्री काढला.

मासिक बैठक वीस मिनिटांची पुरे, आणि मुले त्यातली पहिली दहाच मिनिटे असावीत. ती सुट्टीच्या दिवशी सकाळी घ्या. रात्री दमलेल्या माणसांनी घेतलेली बैठक तक्रारनिवारणाची होते. बचत, कर्ज, नोकरी यांची चर्चा मुले उठून गेल्यावर करा. त्यांना ‘यंदा आपण अमुक गोष्टीसाठी पैसे साठवतो आहोत’ एवढे साध्या शब्दांत सांगितले तर चालते, आपली काळजी मात्र त्यांच्या अंगावर टाकू नये.

आता तुमच्या सात गोष्टींकडे वळतो. मी तुमच्या जागी असतो तर मुलांचे वाचन हे घराचे ध्येय ठेवले असते. ती वेळ झोपण्यापूर्वीची ठेवली तर पडद्याचा वेळ त्यातूनच थोडा कमी होईल, त्याला वेगळी ओळ नको. व्यायाम एकाचा आणि भाषा दुसऱ्याची, पण आधी भाषा शिकणाऱ्याच्या वाट्याला आठवड्यात खरोखर किती तुकडे येतात ते पाहा. बचतीची रक्कम पगाराच्या दिवशीच आपोआप वेगळी निघेल अशी सोय एकदा केली की तिला ध्येय म्हणायचे कारण उरत नाही. प्रवास आणि रंगरंगोटी ‘यंदा नाही’च्या यादीत टाका. आणि यांतले काहीही ठरवण्यापूर्वी येत्या सोमवारपासून सात दिवस, कोणताही बदल न करता, तासांची नोंद ठेवा. मुलांपैकी कोणी आजारी पडले तर ती थांबवू नका, कारण तोही तुमचा नेहमीचाच आठवडा आहे.