रिसिव्हर बदलायचा की आहे तोच चालवायचा?

या वेळी होम थिएटरच्या रिसिव्हरबद्दल बरीच पत्रं आली. बहुतेकांचा रोख एकच आहे: जुना चालतोय, पण नव्या टीव्हीशी त्याचं जमत नाही. त्यांतले पाच प्रश्न निवडले आहेत.

प्रश्न : माझा ५.१ (पाच स्पीकर आणि एक सबवूफर, म्हणजे खालच्या सुरांचा वेगळा स्पीकर) रिसिव्हर २०११ सालचा आहे. आवाज अजून खणखणीत आहे. पण ४के टीव्ही घेतल्यापासून स्ट्रीमिंग बॉक्स रिसिव्हरमधून जोडला की चित्र १०८०पी वरच अडकतं, आणि ४के डिस्क लावली तर कधीकधी पडदा काळाच राहतो. नवा रिसिव्हर घ्यावा का?

उत्तर : केवळ चित्रासाठी घेऊ नका. रिसिव्हर म्हणजे एका डब्यात बसवलेली दोन यंत्रं. एक ॲम्प्लिफायर, जो स्पीकर चालवतो. तो लवकर जुना होत नाही. दुसरा डिजिटल भाग, म्हणजे एचडीएमआयचा (चित्र आणि आवाज एकाच केबलने नेणाऱ्या जोडणीचा) बोर्ड आणि आवाजाचे फॉरमॅट उलगडणारी चिप. हा मात्र काही वर्षांतच मागे पडतो. तुमच्याकडे फक्त दुसरा भाग मागे पडलाय, आणि त्याला वळसा घालता येतो.

आधी अडतं कुठे ते पाहू. त्या काळच्या रिसिव्हरमध्ये एचडीएमआय १.४ असतं. त्यातून सेकंदाला जास्तीत जास्त १०.२ गिगाबिट जातात. ४के चित्र सेकंदाला ६० फ्रेमनी पूर्ण रंगांसकट न्यायचं तर एचडीएमआय २.० ची १८ गिगाबिटची वाट लागते, आणि ती २०१३ मध्ये आली. पण काळ्या पडद्यामागे बहुधा एचडीसीपी असतं, म्हणजे नक्कल रोखणारी यंत्रणा. ४के डिस्कला आणि ४के स्ट्रीमिंगला त्याची २.२ ही आवृत्ती लागते, आणि मधल्या प्रत्येक उपकरणाला ती कळावी लागते. वाटेत एकही जुना रिसिव्हर आला की बॉक्स १०८०पी वर उतरतो किंवा चित्र सोडतच नाही.

वळसा असा. बॉक्स आणि प्लेअर थेट टीव्हीला जोडा. मग टीव्हीच्या ‘आर्क’ लिहिलेल्या पोर्टमधून एक केबल रिसिव्हरच्या एचडीएमआय आउटला न्या; त्याच केबलने आवाज टीव्हीकडून रिसिव्हरकडे परत येतो. दोन्हीकडे सीईसी, म्हणजे उपकरणांनी एचडीएमआयवरून एकमेकांना आज्ञा देण्याची सोय, चालू करा (प्रत्येक कंपनी त्याला आपलं वेगळं नाव देते), रिसिव्हरच्या मेनूत आर्कही चालू आहे ना ते बघा, आणि टीव्हीत आवाजाचं आउटपुट म्हणून रिसिव्हर निवडा. शेवटी डिजिटल आउटपुट ‘ऑटो’ किंवा ‘पास-थ्रू’वर ठेवा. बहुतेक ठिकाणी घोळ इथेच होतो. ते ‘पीसीएम’वर (टीव्हीने आधीच उलगडलेला आवाज) राहिलं तर आर्कमधून दोनच चॅनल येतात आणि मागच्या स्पीकरना त्यांचा खरा आवाज मिळतच नाही. ‘ऑटो’वर काहीच ऐकू आलं नाही तर ‘डॉल्बी डिजिटल’ निवडून बघा, कारण काही जुने रिसिव्हर आर्कवरून डॉल्बी डिजिटल प्लस हा नंतरचा फॉरमॅट घेत नाहीत. रिसिव्हरला आर्कच नसेल तर ऑप्टिकल केबल वापरा. तिच्यातूनही डॉल्बी डिजिटल ५.१ येतं.

एवढं करूनही एचडीआर (उजेड-अंधारातला जास्त तपशील) दिसत नसेल तर टीव्हीच्या त्या पोर्टचं ‘एनहान्स्ड’ किंवा तशा नावाचं सेटिंग तपासा. बऱ्याच टीव्हींवर ते मुळात बंद असतं, आणि प्रत्येक पोर्टसाठी वेगळं चालू करावं लागतं.

यात हातचं जातं ते डिस्कवरच्या लॉसलेस, म्हणजे काहीही न गाळलेल्या, आवाजाचं सुख. साध्या आर्कमधून तो जात नाही. डॉल्बी ट्रूएचडी या लॉसलेस फॉरमॅटच्या जागी सेकंदाला ६४० किलोबिटचं डॉल्बी डिजिटल ऐकू येतं. तुमच्या प्लेअरला दोन एचडीएमआय आउट असतील तर तेवढंही गमवायला नको: मुख्य आउट टीव्हीला आणि फक्त आवाजाचा दुसरा आउट रिसिव्हरला जोडा. दुसरा आउट नसला, तरी पाच स्पीकरच्या संचावर हा फरक आमच्या मते लहान आहे. सेंटर स्पीकर कपाटातून वीतभर पुढे ओढल्याने पडणारा फरक त्याहून मोठा असतो.

छतावरचे स्पीकर लावायचे असतील, ४के १२० फ्रेमचे गेम कन्सोल जास्त आणि टीव्हीचे तसे पोर्ट कमी असतील, किंवा केबल बदलून आणि फॅक्टरी रीसेट करूनही एचडीएमआय बोर्ड सिग्नल सोडत असेल, तर नवा रिसिव्हर घेण्यात अर्थ आहे.

प्रश्न : चित्रपटातले संवाद नीट कळत नाहीत, मारामारीचा आवाज मात्र अंगावर येतो. सध्याचा रिसिव्हर ८० वॅटचा आहे. १४० वॅटचा घेतला तर फरक पडेल?

उत्तर : पडणार नाही. ८० वरून १४० वॅटवर गेलात तर आवाज साधारण अडीच डेसिबलने वाढतो, तोही रिसिव्हर पूर्ण ताणला असताना. आवाज कानाला दुप्पट वाटायला सुमारे १० डेसिबल, म्हणजे दसपट वॅट लागतात.

आपण प्रत्यक्षात किती वॅट वापरतो तेही बघा. समजा स्पीकरची सेन्सिटिव्हिटी ८८ डेसिबल आहे. म्हणजे एक वॅट दिल्यावर एक मीटरवर ८८ डेसिबल. तीन मीटरवरच्या सोफ्यापर्यंत त्यातले सुमारे ८० उरतात. संवाद आपण साधारण ६५ ते ७० डेसिबलवर ऐकतो. तेव्हा ॲम्प्लिफायर एक वॅटसुद्धा देत नसतो. शिवाय छापलेले वॅट कुठल्या अटींवर मोजलेत तेही पाहायला हवं. ‘६ ओहम, १ किलोहर्ट्झ, एक चॅनल, १० टक्के डिस्टॉर्शन’ असे १४० आणि ‘८ ओहम, २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ, दोन चॅनल, ०.०८ टक्के’ असे ८० यांची तुलनाच होत नाही. दुसऱ्या प्रकारचे ८० वॅट बऱ्याचदा सरस ठरतात.

संवाद जवळजवळ सगळे सेंटर स्पीकरमधून येतात, म्हणून काम तिथे करा. तो कपाटाच्या खणात आत ढकललेला असेल तर पुढची कड फळीच्या कडेशी आणा. नाहीतर आवाज फळीवर आदळून घुमतो आणि शब्द पुसट होतात. टीव्हीखाली ठेवला असेल तर पुढच्या बाजूला रबरी पाचर देऊन त्याचं तोंड कानाच्या दिशेने उचला. मग रिसिव्हरचं मायक्रोफोनचं मोजमाप पुन्हा चालवा. पंखा आणि एसी बंद ठेवा. माइक सोफ्याच्या पाठीवर टेकवू नका. तिपाईवर कानाच्या उंचीला लावा आणि पहिलं मोजमाप मधल्या जागेवर घ्या. बाकीची मोजमापं त्या जागेपासून अर्ध्या-पाऊण मीटरच्या आत घ्या, भिंतीला चिकटून घेऊ नका.

मोजमाप झाल्यावर स्पीकरची यादी उघडा. रिसिव्हरने त्यांना ‘लार्ज’ ठरवलं असेल तर सबवूफर असताना सगळे ‘स्मॉल’ करून क्रॉसओव्हर (ज्याच्या खालचे सूर सबवूफरकडे जातात ती मर्यादा) ८० हर्ट्झवर ठेवा. खालच्या सुरांचं ओझं सबवूफरकडे गेलं की ॲम्प्लिफायर मोकळा होतो. नवे वॅट विकत घेण्यापेक्षा याचा उपयोग जास्त. सबवूफरचं अंतर टेपने मोजल्यापेक्षा जास्त दिसलं तर ते तसंच राहू द्या. त्याच्या आतल्या सर्किटमुळे आवाज उशिरा निघतो, तो उशीर रिसिव्हरने अंतरात धरलेला असतो. सगळ्यात शेवटी सेंटरची पातळी २ ते ३ डेसिबलने वाढवा. रात्री ऐकत असाल तर ‘डायनॅमिक रेंज’ किंवा ‘नाइट मोड’ चालू करा; मोठे आवाज खाली येतात, संवाद जागेवर राहतात.

प्रश्न : ॲटमॉस, म्हणजे छतावरूनही आवाज देणाऱ्या डॉल्बीच्या फॉरमॅटसाठी, नवा रिसिव्हर घेतोय. ‘७.२’ लिहिलेला पुरेल का? छतावर चार स्पीकर हवे आहेत.

उत्तर : नाही पुरणार. ७ म्हणजे ॲम्प्लिफायरचे सात चॅनल. पाच स्पीकर खाली वापरले की वर दोनच उरतात, म्हणजे ५.१.२ (शेवटचा आकडा वरच्या स्पीकरचा). चार हवे असतील तर ५.१.४, आणि त्याला नऊ चॅनल लागतात.

मधला एक मार्ग आहे. काही रिसिव्हरमध्ये ॲम्प्लिफायर सातच असतात, पण आतली चिप नऊ चॅनल उलगडते आणि उरलेल्या दोनसाठी प्री-आउट (बाहेरच्या ॲम्प्लिफायरला सिग्नल देणारे सॉकेट) देते. तिथे वेगळा दोन चॅनलचा ॲम्प्लिफायर जोडायचा. तो छतावरच्या स्पीकरना न देता पुढच्या डाव्या-उजव्या स्पीकरना द्या. सेंटर सोडला तर सर्वांत जास्त भार त्यांच्यावर असतो. मात्र माहितीपत्रकात ‘९ चॅनल प्रोसेसिंग’ हे शब्द नक्की शोधा. नुसते प्री-आउट दिसले म्हणून नऊ चॅनल उलगडतीलच असं नाही.

छताला भोक पाडायचं नसेल तर वर तोंड करून आवाज फेकणारे स्पीकर मिळतात. छत सपाट आणि कडक असेल तरच ते घ्या. तिरकं छत किंवा आवाज शोषणाऱ्या फरशांचं फॉल्स सीलिंग असेल तर आवाज खाली परतत नाही, आणि पैसे पाण्यात जातात.

प्रश्न : आवाज वाढवला की रिसिव्हर बंद पडतो आणि लाल दिवा लुकलुकतो. बदलायची वेळ आली का?

उत्तर : तो प्रोटेक्शनमध्ये जातोय, म्हणजे नुकसान टाळायला स्वतःच बंद होतोय. आधी प्लग काढा, मग सगळ्या स्पीकरच्या वायरी सोडवा आणि रिसिव्हर एकटा चालू करा. तरीही बंद पडला तर दोष आत आहे. पुन्हा पुन्हा चालू न करता दुरुस्तीला द्या. एकटा नीट चालला तर प्लग काढून एकेक स्पीकर जोडत जा आणि दर वेळी चालू करून बघा. बहुधा एखाद्या वायरीची केसाएवढी तार सुटून शेजारच्या टर्मिनलला टेकलेली सापडते. टोक पीळ देऊन घट्ट करा किंवा बनाना प्लग (वायरीच्या टोकाला बसणारी पिन) लावा. वायरी ठीक निघाल्या तर उष्णता तपासा: वरती दहा सेंटिमीटर तरी मोकळी जागा हवी, आणि त्यावर सेट-टॉप बॉक्स ठेवायचा नाही.

प्रश्न : २०२०-२१ चा ‘८के’ लिहिलेला रिसिव्हर वापरलेला मिळतोय. घेऊ का?

उत्तर : दोन गोष्टी विचारल्याशिवाय नको. एचडीएमआय २.१ च्या त्या पहिल्या पिढीत अनेक कंपन्यांच्या रिसिव्हरमध्ये एका चिपचा दोष होता. एक्सबॉक्स सिरीज एक्सचं किंवा एनव्हिडियाच्या काही ग्राफिक्स कार्डांचं ४के १२० फ्रेमचं चित्र रिसिव्हरमधून नेलं की पडदा काळा व्हायचा. काही कंपन्यांनी त्यावर वेगळा अडॅप्टर दिला, काहींनी बोर्ड बदलून दिला. यातलं काय झालंय ते विचारा, आणि शक्यतो तुमचं कन्सोल नेऊन ४के १२० चालवून बघा. गेम खेळत नसाल तर हा दोष तुमच्या वाटेत येणार नाही.

दुसरं, ‘एचडीएमआय २.१’ एवढ्या शब्दांवर जाऊ नका. त्यातली बहुतेक वैशिष्ट्यं ऐच्छिक असतात. ४के १२०, व्हीआरआर (गेमप्रमाणे बदलणारा फ्रेमचा वेग), ई-आर्क (लॉसलेस आवाजही नेणारा आर्क) हे एकेक करून तपासा, आणि किती पोर्टवर ते चालतं हेही. सातपैकी एकाच इनपुटवर चालणारे रिसिव्हरही निघाले आहेत. केबल ‘अल्ट्रा हाय स्पीड’चं प्रमाणित लेबल असलेली घ्या. पाच मीटरच्या पुढे साध्या तांब्याच्या केबलवर विसंबू नका; ऑप्टिकल एचडीएमआय घ्या आणि ‘सोर्स’ लिहिलेलं टोक रिसिव्हरकडे, ‘डिस्प्ले’ लिहिलेलं टीव्हीकडे लावा. उलटी लावली तर चित्र येत नाही. अशा केबलमधून ई-आर्क चालेल असं पाकिटावर लिहिलं आहे का, ते भिंतीत पाइपमधून ओढण्याआधी पाहून घ्या.