गूगलवरून येणारे वाचक आटले, आता साइट चालू ठेवू का?

तुम्ही लिहिलंय की कोथरूडला राहता, गच्चीवरच्या बागेविषयी आठ वर्षं मराठीत साइट चालवताय आणि गेल्या दोन वर्षांत सर्चमधून येणारे वाचक निम्म्याहून कमी झाले. लेख पूर्वीपेक्षा चांगले उतरतायत, मग चुकतंय कुठे, आणि साइट बंद करावी का, असा तुमचा प्रश्न आहे.

बंद करू नका. अगदी कळकळीने सांगतो, कारण मीही यातूनच जातोय. पुण्याच्या आसपासच्या गडांवरच्या पाण्याविषयी माझी साइट आहे. कुठलं टाकं पिण्याजोगं, कुठल्या महिन्यापर्यंत पाणी टिकतं, एवढंच. पूर्वी रोज दीडशे-दोनशे माणसं यायची, आता चाळीस आली तरी पुष्कळ.

आधी दुखणं नेमकं कुठलं ते बघा. सर्च कन्सोल म्हणजे साइट सर्चमध्ये कशी चाललीय ते साइटवाल्याला दाखवणारं गूगलचं साधन. त्याच्या आलेखात निळी रेघ क्लिकची असते आणि जांभळी तुमचं पान निकालांत किती वेळा दिसलं त्याची. दोन्ही बरोबरीने खाली गेल्या असतील, तर बहुधा तुमची पानं क्रमवारीत मागे पडली आहेत. गूगलने सप्टेंबर २०२३ मध्ये ‘हेल्पफुल कंटेंट’चा, म्हणजे वाचकाला खरंच उपयोगी मजकूर वर आणायचा, मोठा बदल केला, मार्च २०२४ मध्ये तो मुख्य क्रमवारीतच मिसळून टाकला, आणि त्या काळात एकट्यादुकट्या माणसांनी चालवलेल्या कितीतरी साइट्स खाली गेल्या. पण जांभळी जागेवर असून निळीच घसरली असेल, तर पान दिसतंय आणि तरी माणूस आत येत नाहीये. माझ्याकडे हेच झालं. (सप्टेंबर २०२५ मध्ये जांभळी एकदम पडलेली दिसली तर घाबरू नका. एका पानावर १०० निकाल मागवायची सोय तेव्हा बंद झाली आणि माणसांऐवजी निकाल गोळा करणाऱ्या यंत्रांमुळे फुगलेला आकडा गळाला.)

माणूस आत येत नाही, कारण उत्तर त्याला दारातच मिळतं. भारतात ऑगस्ट २०२४ पासून निकालांच्या वर एआयने लिहिलेला सारांश दिसू लागला. प्यू रिसर्च सेंटर या संशोधन संस्थेने अमेरिकेतल्या ९०० प्रौढांचं मार्च २०२५ मधलं ब्राउझिंग तपासलं. सारांश नव्हता तेव्हा १५ टक्के वेळा लोकांनी एखाद्या निकालावर क्लिक केलं, सारांश होता तेव्हा ८ टक्के. सारांशातल्या दुव्यावर तर जेमतेम १ टक्का. तुमच्या लेखनाचा दर्जा यात कुठे येतच नाही. म्हणून स्वतःला दोष देणं आधी थांबवा.

गेल्या एप्रिलमध्ये मला एका मुलाचा मेल आला. चौघे मित्र तोरण्यावरून सोंडेने राजगडाला निघाले होते. बुधला माची उतरायच्या आधी त्यांनी फोनवर शोधलं, वाटेत पाणी आहे का? सारांशात आलं, आहे. खाली दुवा माझ्याच पानाचा. माझ्या पानावरचं वाक्य असं होतं: ‘वाटेवरच्या झऱ्याला पाणी असतं.’ आणि दोन परिच्छेद खाली: ‘फेब्रुवारीनंतर भरवसा धरू नये.’ सारांशाने पहिलं घेतलं, दुसरं सोडलं. पोरं रिकाम्या बाटल्या घेऊन दुपारी दोन वाजता अर्ध्या वाटेवरून फिरली, एका धनगराच्या घरी पाणी प्यायली. सुखरूप होती, पण मला दोन रात्री झोप लागली नाही.

तेव्हापासून मी ‘पाणी आहे’ हे शब्द एकटे ठेवत नाही. महिना त्याच वाक्यात आणि शेवटचं कधी पाहिलं ती तारीखही तिथेच. तुम्हीही हे करा. ‘जास्वंदीवरच्या पिठ्या ढेकणासाठी कडुनिंबाचं तेल फवारा’ हे सारांश सांगेलच. तुमच्या पश्चिमेच्या कठड्यावरच्या कुंडीत, जूनच्या पहिल्या पावसानंतर, कितव्या फवारणीला तो हटला हे तुमच्याशिवाय कोण सांगणार? तिथे फोटो टाका, तारीख टाका, फसलेला उपायही टाका.

सारांशात आपला मजकूर येऊच नये म्हणून पानावर ‘नोस्निपेट’ लावता येतं, म्हणजे इथला मजकूर निकालांत दाखवू नका अशी गूगलला खूण. मी एका पानावर लावून पाहिलं. त्याने साध्या निकालाखालचं वर्णनही जातं आणि पान मुकं दिसतं, म्हणून काढलं. ‘गूगल-एक्स्टेंडेड’ अडवायचा सल्ला बरेच जण देतात. ती खूण गूगलच्या जेमिनी या एआयला आपला मजकूर वापरू द्यायचा की नाही यासाठी आहे, सर्चमधल्या सारांशाशी तिचा संबंध नाही.

माझी साइट २००६ ची. तेव्हाची पानं श्री-लिपी या आपल्या पुण्यातच घडलेल्या सॉफ्टवेअरच्या फॉन्टमध्ये होती. वाचकाला आधी फॉन्ट उतरवून घ्यावा लागायचा आणि सर्च इंजिनला त्यातलं मराठी एक अक्षर कळत नसे. तरी माणसं यायची! कुणीतरी कुणाला पत्ता दिलेला असायचा, स्वारगेटवर वेल्ह्याच्या एसटीची वाट बघताना वहीत लिहून घेतलेला असायचा. सगळं युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही फोनवर नि सर्चमध्ये चालणाऱ्या अक्षरांत, आणल्यावर सर्चचे वाचक आले आणि आम्ही पत्ता देणं सोडून दिलं. ते मी परत सुरू केलंय. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी पाण्याच्या ताज्या नोंदी मेलने जातात. सध्या ३१० जण आहेत. गुंजवण्यात मी जिथे चहा घेतो तिथे भिंतीवर पत्त्याचा कागद चिकटवलाय. हे लोक परत येतात, गडावरून आल्यावर ‘टाकं आटलंय’ म्हणून कळवतात. सर्चवरून आलेल्या दोनशेंपैकी असं कळवणारा वर्षातून एखादा. तुमच्यासाठी ती जागा म्हणजे तुम्ही रोपं घेता ती नर्सरी. मालकांना विचारून बघा, बहुतेक नाही म्हणणार नाहीत.

आणि एक काम आजच करा. सर्च कन्सोल फक्त १६ महिन्यांची आकडेवारी ठेवतं, त्यामागची पुसली जाते. चांगल्या दिवसांत लोक कोणते शब्द टाकून तुमच्यापर्यंत पोचत होते, त्यातलं जेवढं उरलंय तेवढं उतरवून ठेवा. मी उशीर केला, माझी ती यादी गेली.