मिसिंगचा कागद आणि एडीचा कागद

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. नंतर येणाऱ्यांना कळावं म्हणून थोडक्यात मांडतो. तुमचा मोठा भाऊ चिंचवडला राहायचा. जून २०१७ मध्ये, पालख्या पुण्यातून जाण्याच्या दिवसांत, सकाळी कामावर म्हणून निघाला आणि परत आला नाही. मोबाईलचं शेवटचं लोकेशन स्वारगेट. दुपारी वहिनींना मेसेज आला, "मी जातोय, मला शोधू नका." पोलीस विचारलं की "तपास चालू आहे" म्हणतात. वकील म्हणतात, सात वर्षं झाली, कोर्टातून मृत ठरवून घ्या. आई म्हणतात, तो वारीत गेलाय, येईल. आणि तुम्ही विचारताय की आता काही करण्यासारखं उरलंय का.

उरलंय, बरंच उरलंय. मी पोलीस खात्यात ३१ वर्षं काढली, त्यातली नऊ मिसिंगच्या, म्हणजे हरवलेल्या माणसांच्या नोंदींच्या टेबलावर. तिथे मला एक गोष्ट पटली. लोक ज्याला न उलगडलेलं गूढ म्हणतात, ते बऱ्याचदा दोन कागदांची चुकामूक असते. एक कागद मिसिंगचा, तो माणूस जिथून गेला त्या ठाण्यात. दुसरा एडीचा, म्हणजे अकस्मात मृत्यूचा, तो जिथे अनोळखी मयत मिळाला त्या ठाण्यात. किंवा दुसरा कागद एखाद्या मनोरुग्णालयातला केसपेपर, ज्यावर नावाच्या जागी "अनोळखी पुरुष" लिहिलेलं असतं. दोन्ही कागद खरे असतात, नियमाने केलेले असतात. फक्त ते एकमेकांना भेटत नाहीत.

आधी "तपास चालू आहे" याचा अर्थ सांगतो. सज्ञान माणूस हरवला की गुन्हा दाखल होत नाही, मिसिंग दाखल होते. गुन्हा नाही म्हणून अटक नाही, झडती नाही, कोर्टात तारीख नाही. म्हणायला तपास, असते ती चौकशी. १८ वर्षांखालच्या मुलांचं वेगळं आहे. १० मे २०१३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशापासून हरवलेल्या प्रत्येक मुलाच्या बाबतीत गुन्हाच नोंदवावा लागतो, आणि चार महिन्यांत मूल मिळालं नाही तर प्रकरण मानवी तस्करीविरोधी पथकाकडे द्यावं लागतं. मोठ्या माणसाच्या फाईलला असा धक्का देणारं काही नाही. माणूस मिळेपर्यंत ती उघडी राहते, पण उघडी राहणं आणि कोणी वाचणं यात फरक आहे. अंमलदार बदलतो, त्याच्या हातात पन्नास कागद येतात, आणि त्यातला सात वर्षांपूर्वीचा सगळ्यात खाली जातो.

तुमच्या बाबतीत तर ठाण्याचं आयुक्तालयच बदललंय. पिंपरी-चिंचवड पोलीस आयुक्तालय सुरू झालं १५ ऑगस्ट २०१८ ला. तुमची मिसिंग त्याच्या वर्षभर आधीची. आणि शेवटचं लोकेशन स्वारगेट, म्हणजे आजही पुणे शहराची हद्द. तेव्हा पहिलं काम एवढंच: मूळ मिसिंग रजिस्टर नंबर घेऊन ठाण्यात जा आणि फाईल प्रत्यक्ष टेबलावर आलेली बघा. "आहे, शोधून ठेवतो" यावर परत येऊ नका. नम्रपणे सांगा, मी बसते.

फाईल आली की सीडीआर, म्हणजे मोबाईलच्या कॉलच्या नोंदी, लागलंय का ते विचारा. मोबाईल कंपन्यांनी कॉलच्या नोंदी दोन वर्षं ठेवायच्या हा नियम डिसेंबर २०२१ चा. त्याआधी एकच वर्ष होतं. म्हणजे २०१७ च्या नोंदी आता कंपनीकडून मिळण्याची आशा धरू नका, पण तेव्हाच्या अंमलदाराने मागवल्या असतील तर ते कागद फाईलमध्येच असणार. स्वारगेटच्या आधी फोन कुठे कुठे होता, शेवटचे दोन-तीन कॉल कोणाचे, हे कोणीतरी शांतपणे बसून पाहिलंय का? माझ्या अनुभवात कागद मागवलेले असतात, वाचलेले नसतात.

आता त्या मेसेजबद्दल. तो वाचून सगळ्यांनी ठरवलं की माणूस स्वतःहून गेला. गेलाही असेल. पण चिठ्ठी आणि मेसेज हा पुरावा तपासायचा असतो, मानून टाकायचा नसतो. पुण्याएवढं हे कोणत्या शहराला ठाऊक असावं? जोशी-अभ्यंकर खून खटला ज्यांना आठवतो, त्यांनी त्याची सुरुवात आठवावी. जानेवारी १९७६ मध्ये अभिनव कला महाविद्यालयातल्या टोळक्याने वर्गातल्याच एका मुलाला नेलं, "मी घर सोडून जातोय" अशी चिठ्ठी त्याच्याच हाताने लिहून घेतली आणि त्याला मारून, पिंपात घालून पेशवे पार्कच्या तळ्यात बुडवलं. अक्षर त्याचंच होतं, मजकूर मात्र दुसऱ्यांचा. वर्षभराहून जास्त काळ तो मुलगा बेपत्ताच राहिला. मार्च १९७७ मध्ये शेवटच्या खुनातला मृतदेह नदीत वर आला, टोळी फुटली, तेव्हा तळ्यातलं पिंप बाहेर निघालं. मधल्या काळात जोशी, अभ्यंकर अशी आणखी घरं गेली. टोळीतल्या जक्कल, सुतार, जगताप आणि शाह यांना २७ नोव्हेंबर १९८३ ला येरवड्यात फाशी झाली.

हे तुम्हाला घाबरवायला लिहीत नाही. तुमच्या भावाच्या बाबतीत घातपात झाला असं माझं अजिबात म्हणणं नाही. एवढंच करा: वहिनींच्या फोनमध्ये त्याचे जुने मेसेज असतील तर त्या शेवटच्या मेसेजशेजारी ठेवून पाहा. तो मराठी देवनागरीत लिहायचा की रोमन अक्षरांत? वहिनींना नावाने लिहायचा की "अगं" म्हणून? पूर्णविराम द्यायचा का? फरक दिसला तर तो कागदावर मांडून अर्जाला जोडा.

आता मुख्य गोष्ट, आणि इथे मला माझी एक चूक सांगायची आहे.

बऱ्याच वर्षांपूर्वी पर्वतीच्या बाजूचा एक माणूस गेला. मिसिंगचा फॉर्म मी भरला. "अंगात निळा शर्ट, काळी पँट, पायात चप्पल." घरच्यांनी अकरा महिने शिर्डी, नाशिक, गाणगापूर पालथं घातलं. आणि तो माणूस हरवल्याच्या चौथ्या दिवशी मुठा उजव्या कालव्यात, शहराच्या बऱ्याच पुढे, ग्रामीण हद्दीत मिळून आला होता. तिथल्या पंचनाम्यात शर्ट "हिरवट" लिहिला होता. पाण्यात आणि गाळात कपड्याचा रंग राहत नाही. चप्पल वाहून गेलेली. वय मी ४२ लिहिलं होतं, त्यांनी अंदाजे ५० ते ५५. फुगलेल्या देहाचं वय कोणालाही जास्तच वाटतं. त्यांनी नियमाप्रमाणे वाट पाहिली आणि बेवारस म्हणून अंत्यविधी केला. दोन्ही वर्णनं वायरलेसवर गेली होती. मी ते वर्णन वाचलं होतं आणि "हा आपला नाही" म्हणून पुढे गेलो होतो. जुळलं कशावरून, तर शर्टाच्या कॉलरच्या आतल्या शिंप्याच्या लेबलावरून. ते पंचनाम्यात नोंदलेलं होतं. मी घरच्यांना शिंपी कोण म्हणून विचारलंच नव्हतं. त्या माउलीला ते लेबल दाखवलं तेव्हाचा तिचा चेहरा मी विसरलेलो नाही. त्या दिवसापासून मी रंग आणि वय बघून कागद बाजूला ठेवणं सोडलं.

पुण्याचं पाणी कसं वाहतं ते डोळ्यांसमोर आणा. खडकवासल्याचा कालवा पर्वती, स्वारगेट, हडपसर, लोणी काळभोर, यवतवरून दौंड-इंदापूरकडे जातो. चिंचवडची पवना दापोडीला मुळेला मिळते, मुळा संगमावर मुठेला, मुळा-मुठा पुढे भीमेला, आणि भीमा उजनीत. म्हणजे पिंपरी-चिंचवडमध्ये हरवलेला माणूस पुणे शहर, पुणे ग्रामीण किंवा सोलापूर ग्रामीण, कुठेही "अनोळखी" होऊ शकतो. शिवाय रेल्वे. रुळांवर किंवा स्टेशनात मिळालेला मयत लोहमार्ग पोलिसांकडे नोंदला जातो, ते वेगळंच रजिस्टर. आणि तुकोबांची पालखीसुद्धा लोणी काळभोर, यवत, इंदापूर याच वाटेने जाते. आईंचं म्हणणं खरं धरलं तरी शोधाची दिशा तीच येते.

म्हणून अर्ज असा करा. जून ते ऑगस्ट २०१७ या तीन महिन्यांतल्या, वय ३० ते ६० मधल्या अनोळखी पुरुषांच्या सर्व एडी. पुणे शहर, पिंपरी-चिंचवड, पुणे ग्रामीण, सोलापूर ग्रामीण आणि पुणे लोहमार्ग, पाचही ठिकाणी वेगवेगळा अर्ज, आवक शिक्क्याची पोच घेऊन. उत्तर आलं नाही तर हीच यादी माहिती अधिकारात मागा, तिथे ३० दिवसांची मुदत असते. त्या वेळच्या एडी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १७४ खालच्या आहेत. १ जुलै २०२४ पासून तेच काम नागरिक सुरक्षा संहितेच्या १९४ खाली होतं. अर्जात जुनं कलम घाला. यादी आली की रंग, वय, उंची यावर कोणालाही बाद करू नका. न बदलणारं पाहा: जुनी जखम, गोंदण, दात, कॉलरचं लेबल, करदोटा.

तुम्ही ओझरतं लिहिलंय की २०१२ मध्ये मोटारसायकलवरून पडून त्याच्या उजव्या मांडीत रॉड घातला होता. ताई, तुमच्या अख्ख्या लिहिण्यात सगळ्यात मोलाची ओळ ती आहे. रॉड पाण्यात कुजत नाही, आणि अशा रॉड-प्लेटवर बहुधा उत्पादकाची खूण आणि क्रमांक कोरलेला असतो. शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांनी जुनं ऑपरेशन पाहिलं असेल तर नोंद केलेली असते. तुमच्या मिसिंगच्या फॉर्मवर हा रॉड लिहिलाय का, ते फाईल बघाल तेव्हा तपासा. नसेल तर पुरवणी जबाब द्या.

डीएनएबद्दल लोकांचा मोठा गैरसमज आहे. नमुना दिला की देशभरातल्या मृतदेहांशी आपोआप ताडून बघितला जातो, असं काही नाही. तशी राष्ट्रीय यंत्रणा उभी करणारं विधेयक २०२३ मध्ये सरकारने मागे घेतलं. अमुक एडीतल्या राखून ठेवलेल्या दाताशी किंवा हाडाशी अमुक आईचा नमुना ताडून पाहा, असं पोलिसांनी लिहून द्यावं लागतं, तेव्हा न्यायसहायक (फॉरेन्सिक) प्रयोगशाळा ते करते. म्हणून यादी आधी, डीएनए नंतर. पण आईंचं वय ७४ आहे. आईचा नमुना भावंडांच्या नमुन्यापेक्षा फार खात्रीचा. तो पोलिसांमार्फत रीतसर घेऊन ठेवावा अशी मागणी मात्र आजच करा.

जिवंत असण्याची बाजूही तेवढ्याच मनापासून शोधायची. मानसिक आजारात भरकटलेला माणूस स्वतःचं नावही सांगू शकत नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यातलं कलम १०० सांगतं की असा बेघर माणूस मिळाला तर पोलिसांनी नोंद करून त्याचं घर शोधायचं. येरवडा, ठाणे, रत्नागिरी आणि नागपूर या चारही प्रादेशिक मनोरुग्णालयांना फोटो आणि रॉडची माहिती पोस्टाने पाठवा. कर्जतला डॉ. भरत वाटवानींची श्रद्धा संस्था आहे. रस्त्यावरचे मनोरुग्ण बरे करून घरी पोचवण्याच्या कामासाठी त्यांना २०१८ चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्यांनाही लिहा. वर्षानुवर्षं हरवलेली माणसं आधारमुळेही सापडली आहेत. संस्थेत नवं आधार काढताना बोटं आधीच नोंदलेली निघाली आणि घराचा पत्ता लागला, असं नागपूरच्या आधार केंद्रात घडलेलं आहे. पोलिसांना मात्र तो बोटांचा साठा बघता येत नाही, त्यामुळे "आधारवरून शोधा" म्हणून त्यांच्याशी वाद घालण्यात वेळ घालवू नका.

आणि तो सापडला, पण घरी यायचं नाही म्हणाला, तर सज्ञान माणसाला तो हक्क आहे. पोलीस त्याचा जबाब घेतील आणि "सुखरूप आहे" एवढंच तुम्हाला कळवतील. हे ऐकायला जड आहे, पण वहिनींना आधीच सांगून ठेवा.

राहिला वकिलांचा सल्ला. तो चूक नाही. सात वर्षं ज्यांना कळायला हवं होतं त्यांना काही कळलं नाही, तर माणूस मृत धरता येतो. पूर्वी पुरावा कायद्याचं कलम १०८, आता साक्ष्य अधिनियमाचं १११. पण कोर्ट यावरून तो मृत आहे एवढंच धरतं, कोणत्या दिवशी गेला ते धरत नाही. विम्याची पॉलिसी असेल तर निकाल हातात येईपर्यंत हप्ते थांबवू नका. वहिनींना घर, बँक, मुलीची फी हे सगळं ओढायचं आहे, त्यांनी दावा जरूर करावा. दावा केला म्हणून मिसिंगची फाईल बंद होत नाही, उलट पोलिसांना कोर्टात सात वर्षांत काय केलं ते सांगावं लागू शकतं.

आईंना मात्र या दाव्याची सक्ती करू नका. पानिपतावर भाऊसाहेब पडले असं सांगणारे होते, तरी त्यांच्या पत्नी पार्वतीबाईंनी वैधव्य स्वीकारलं नाही. त्याच धूसरपणातून पुढे तोतया उभा राहिला आणि त्याचा निकाल लागायला १७७६ साल उजाडलं. अडीचशे वर्षांनी आपण त्यांना वेडं म्हणत नाही, मग तुमच्या आईंना तरी का म्हणावं? त्यांनी दिवा लावला तर लावू द्या. पण सावध राहा. "तुमचा मुलगा अमुक आश्रमात पाहिला, गाडीभाडं पाठवा" असे फोन अशाच घरांना येतात. चेहरा समोर व्हिडिओ कॉलवर दिसल्याशिवाय एक रुपयाही पाठवू नका.

सोमवारी ठाण्यात जाल, त्याआधी मांडीच्या ऑपरेशनचा डिस्चार्ज पेपर आणि एक्स-रेची फिल्म शोधा. घरात नसेल तर ज्या दवाखान्यात ऑपरेशन झालं तिथे रॉडच्या स्टिकरची प्रत मागा, ते बहुधा केसपेपरला चिकटवलेलं असतं. सापडलं की इथेच खाली लिहा, पुरवणी जबाबाचा मसुदा मी करून देतो.