अंगणात वर वाशाला कॅमेरा लावलाय पण रात्री आलेला माणूस ओळखूच येत नाही, कुठे लावू?

वर वाशाला लावलाय म्हणताय ना, तिथून अख्खं खळं दिसेल हो पण माणसाची नुसती टोपी दिसणार. सात-आठ फुटांवर लावा, पडवीच्या पायरीवर चढणारा समोरून दिसेल असा. चेहरा ओळखायला चित्रात दर मीटर रुंदीला साधारण २५० पिक्सेल (चित्राचे ठिपके) लागतात, २.८ एमएम लेन्सच्या (म्हणजे रुंद दिसणाऱ्या) १०८० पी (फुल एचडी) कॅमेऱ्यात ते जेमतेम तीन-चार मीटरपर्यंत मिळतात, पुढे चेहरा पुसट होत जातो, त्यामुळे बेडं (अंगणाचं फाटक) लांब असेल तर तिथे वेगळाच कॅमेरा हवा. पागोळीच्या आत घ्या, नाहीतर पावसाच्या धारा कॅमेऱ्याच्या इन्फ्रारेडमध्ये (रात्रीच्या न दिसणाऱ्या उजेडात) पांढऱ्याफटक चमकतात, आणि कोळी तर लेन्सवरच जाळं विणतो मेला, फडकं मारत राहा. पडवीतला एलईडी रात्रभर चालू ठेवा, काळोखात कॅमेऱ्याचा शटर स्लो होतो आणि चालत्या माणसाचं तोंड पुसट येतं.