लिनक्सवर घरून काम: कोणते व्हीपीएन घ्यावे?

प्रश्न: आमचे पंधरा जण घरून काम करतात. बहुतेकांकडे उबुंटू लिनक्स, दोघांकडे फ्रीबीएसडी ही दुसरी ऑपरेटिंग सिस्टीम. कार्यालयाच्या नेटवर्कशी सुरक्षित जोडणीसाठी (व्हीपीएन) वायरगार्ड घ्यावे की ओपनव्हीपीएन?

वायरगार्ड. लिनक्स कर्नलमध्ये (सिस्टीमच्या गाभ्यात) ते ५.६ पासून (मार्च २०२०) आहे, फ्रीबीएसडीत १३.२ पासून. प्रत्येक लॅपटॉपवरच त्याची प्रायव्हेट की (गुप्त किल्ली) तयार करा आणि सर्व्हरकडे फक्त पब्लिक की (तिची उघड जोडी) पाठवा. प्रायव्हेट की असलेली एकच सेटिंग फाइल दोघांना देण्याचा मोह टाळा: ज्याच्याकडून शेवटचे पॅकेट आले त्यालाच सर्व्हर उत्तर देतो, त्यामुळे दोघांचेही कनेक्शन आलटूनपालटून तुटते.

मात्र वायरगार्डमध्ये पासवर्ड किंवा ओटीपीची सोय मुळातच नाही. लॅपटॉप चोरीला गेला की फाइलही गेली, म्हणून लक्सने (लिनक्समधली डिस्क एन्क्रिप्शनची सोय) डिस्क एन्क्रिप्ट करणे सक्तीचेच ठेवा. एलडॅपमधल्या (संस्थेच्या खात्यांची मध्यवर्ती यादी) खात्यांवरूनच लॉगिन हवे असेल, तर ओपनव्हीपीएन घ्या.

प्रश्न: वायरगार्डचा हँडशेक (सुरुवातीची जोडणी) होतो, पण घरून कार्यालयाचा १९२.१६८.१.१० हा सर्व्हर दिसत नाही.

तुमच्या घरचा राउटरही बहुधा १९२.१६८.१.० हीच मालिका वाटतो. मग लॅपटॉप तो पत्ता घरातच शोधत राहतो आणि पॅकेट व्हीपीएनच्या बोगद्यात शिरतच नाही. तात्पुरता उपाय म्हणजे लॅपटॉपच्या फाइलमध्ये अलाउडआयपीजपुढे (बोगद्यातून जाणाऱ्या पत्त्यांची यादी) १९२.१६८.१.१०/३२, म्हणजे फक्त तो एक पत्ता, लिहा, नेमका मार्ग व्यापक मार्गावर मात करतो. घरातल्या प्रिंटरचा पत्ता तोच असेल, तर तो तेवढ्यापुरता दिसेनासा होईल. खरा इलाज कार्यालयाकडे आहे: १०.७३.२०.०/२४ सारखी, घरगुती राउटरवर सहसा न आढळणारी मालिका घ्या. एक सुट्टीचा दिवस जाईल, पण पंधरा घरांतले राउटर बदलत फिरण्यापेक्षा ते केव्हाही बरे.

पिंग चालते पण मोठी फाइल अडकते, असे असेल तर दोष एमटीयूचा, म्हणजे पॅकेटच्या कमाल आकाराचा. मूळचा १४२० काढून १२८० करून पाहा. चालले की हळूहळू वाढवा.

प्रश्न: हॉटेलच्या वायफायवर काहीच जोडले जात नाही.

तिथे यूडीपी (पोच न घेता पॅकेट पाठवण्याची पद्धत) अडवलेले असणार, आणि वायरगार्ड फक्त यूडीपीवर चालते. अशांसाठी ओपनव्हीपीएनचा दुसरा सर्व्हर टीसीपीच्या (पोच घेऊन पाठवण्याची पद्धत) ४४३ पोर्टवर ठेवा. रोजच्या कामाला तो वापरू नका. पॅकेट हरवले की आतले आणि बाहेरचे दोन्ही टीसीपी ते पुन्हा पाठवू पाहतात आणि वेग कोसळतो.

प्रश्न: एकाने नोकरी सोडली. त्याचा प्रवेश कसा बंद करायचा?

वायरगार्डमध्ये सर्व्हरच्या फाइलमधून त्याचा पीअर (त्याच्या लॅपटॉपची नोंद) काढा. नुसती फाइल बदलून भागत नाही. चालू इंटरफेसमधूनही तो काढावा लागतो, नाहीतर जुनी की चालतच राहते. ओपनव्हीपीएनमध्ये प्रमाणपत्र रद्द करून सीआरएल (रद्द प्रमाणपत्रांची यादी) नव्याने काढा. ईझी-आरएसए ३ मध्ये (प्रमाणपत्रे बनवण्याचे साधन) या यादीची मुदत मूळ सेटिंगनुसार १८० दिवस असते. ती उलटली की सर्व्हर सगळ्यांनाच नाकारतो, तेव्हा तारीख आधीच कॅलेंडरवर नोंदवा.