ज्यूंच्या धर्मग्रंथाच्या, म्हणजे तोरेच्या, दर आठवड्याच्या वाचनात आजच्या जगण्याचं खरंच काही सापडतं, की अर्थ ओढूनताणून लावला जातो? आणि मिद्राश वाचायला सुरुवात कुठून करावी?

सापडतं. ओढूनताणून लावलेले अर्थही पुष्कळ असतात, तुमची शंका रास्तच आहे. आठवड्याची मोठी बातमी घ्यायची आणि तिला चिकटवायला एखादं वचन हुडकायचं, याला मी वाचन म्हणत नाही. मी ठाण्याचा, बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणारा ज्यू. शब्बाथच्या, म्हणजे शनिवारच्या, सकाळी पाराशा, म्हणजे त्या आठवड्याचं वाचन, ऐकतच लहानाचा मोठा झालो. मला जे काही गवसलं ते मजकूर जिथे अडतो तिथेच गवसलं.

तोरेच्या पाच पुस्तकांचे ५४ भाग पाडलेत, त्या पाराशा. कधी दोन जोडून, अशा त्या वर्षभरात संपतात आणि सिम्हाथ तोरा या सणाला शेवट वाचून लगेच पहिल्यापासून सुरू. सोमवारी आणि गुरुवारीही पुढच्या पाराशेचा थोडा भाग वाचतात. पूर्वी हे बाजाराचे दिवस, आसपासच्या खेड्यांतली माणसं गावात यायची. मिद्राश म्हणजे या मजकुराला रब्बींनी, म्हणजे ज्यू धर्मपंडितांनी, विचारलेले प्रश्न आणि त्यांची उत्तरं. कीर्तनकार अभंगाचं एक चरण धरून निरूपण फुलवतो, तसंच काहीसं. आमच्या समाजात १९व्या शतकाच्या अखेरीस बायबलातल्या आख्यानांवर मराठी कीर्तनं होऊ लागली, त्यामुळे मला ही रीत कधी परकी वाटली नाही.

आता पहिलीच पाराशा घ्या, बेरेशीथ. आदाम-हव्वेचा मुलगा काइन आपला भाऊ हाबेल याच्याशी बोलला, आणि ते शेतात असताना काइनने त्याला ठार मारलं. काय बोलला? हिब्रू मजकुरात ते नाहीच. काही भाषांतरांत ‘चल, शेतात जाऊ’ असं घालून ती जागा बुजवलेली दिसते. रब्बींनी मात्र विचारलं, हे दोघे भांडत कशावरून होते? साधारण ५व्या शतकातल्या ‘बेरेशीथ रब्बा’ या संग्रहात त्याची तीन उत्तरं आहेत.

पहिलं: दोघांनी जग वाटून घेतलं. जमीन एकाची, जंगम मालमत्ता दुसऱ्याची. मग एक म्हणाला, तू उभा आहेस ती जमीन माझी आहे, उड वर. दुसरा म्हणाला, तुझ्या अंगावरचे कपडे माझे आहेत, उतरव. दुसरं उत्तर: जमीन आणि जंगम दोन्ही सारखंच वाटून घेतलं होतं, पण देवाचं मंदिर कुणाच्या हद्दीत उभं राहणार यावरून जुंपली. तिसरं: एका बाईवरून.

पहिल्या उत्तरात कागदोपत्री दोघांचंही बरोबर आहे, म्हणून ते मला सोडत नाही. अख्खं जग आणि वाटेकरी दोनच, तरी भावाला उभं राहायला वीतभर जागा उरत नाही. भाऊबंदकीत ज्याने कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्यात त्याला हे समजावून सांगावं लागत नाही. आणि दुसरं उत्तर तर त्याहून भेदक, कारण तिथे वाटणीत कुणावरच अन्याय झालेला नाही. इतकं असून संग्रहात यातलं एकच खरं असा निवाडा नाही. तिन्ही शेजारी शेजारी ठेवलीत.

दुसरी जागा पिनहास पाराशेतली. सलाफहादच्या पाच मुली, महला, नोआ, होग्ला, मिल्का आणि तिरसा, मोशेपुढे उभ्या राहून म्हणतात, आमच्या वडिलांना मुलगा नव्हता, त्यांचा वाटा आम्हाला द्या. मोशे हे परमेश्वरापुढे नेतो. उत्तर येतं, मुली बरोबर बोलतायत. ‘सिफ्रे’ हा मिद्राश सांगतो की त्या आधी आपसात बसून बोलल्या: माणसाची माया बायकांपेक्षा पुरुषांवर जास्त असते, निर्माणकर्त्याची सगळ्यांवर असते.

माझ्या आत्याने गावच्या घराच्या हक्कसोडपत्रावर सही केलीय. तिने एकदा विचारलं, “यांना भाऊ असता तर?” तर काहीच मिळालं नसतं. मुलगा नसेल तरच मुलीला, असाच तो नियम. पुढे ‘मासे’ नावाच्या पाराशेत कुळाचे प्रमुख येतात आणि जमीन दुसऱ्या वंशात जाऊ नये म्हणून या मुलींवर आपल्याच वंशात लग्न करण्याची अट येते. हे लपवून फक्त गोड भाग सांगणं मला पटत नाही. आत्याचा प्रश्न हाच माझ्या दृष्टीने त्या आठवड्याचा आजचा अर्थ होता.

सुरुवातीला रब्बींचं मोठं पुस्तक घेऊन बसू नका. रब्बींच्या चर्चांचा ग्रंथ तल्मूद, त्याचा सल्ला आहे: पाराशा दोनदा मुळातून वाचावी, एकदा भाषांतरातून. हिब्रू येत नसेल तर मराठी बायबल चालेल. जिथे खटकतं तिथे खूण करा. मग ११व्या शतकातल्या फ्रान्समधल्या ‘राशी’ या रब्बींचं भाष्य बघा. ते मिद्राश दोन-चार ओळींत देतात. इंग्रजी येत असेल तर सेफारिया या संकेतस्थळावर दोन्ही फुकट मिळतं. आणि जमलं तर कुणाला तरी सोबत घेऊन वाचा, शक्यतो तुमच्याशी वाद घालणाऱ्याला. सिम्हाथ तोराची वाट बघायची गरज नाही, या आठवड्याची जी पाराशा असेल ती उघडा.